फाटकाला तेल

यादी विजेच्या बिलामागे,
दिगंबरच्या तिरक्या अक्षरात :
टाकी. कुंपण. वाळलं गवत. फाटक.
आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून,
डोंगर.

चोरलच्या अलीकडे आमची दोन बिघे जमीन,
दोन खोल्या, एक हापसा, एकोणीस आंबे,
त्यातले सात जगलेले.
इंदूरहून निघताना डिकीत चुना आणि झाडू,
मागच्या सीटवर रेवाचं फुगलेलं तोंड.
दहावीचा शेवटचा पेपर कालच झालेला,
तिला फक्त झोपायचं होतं.

टाकीत तीच उतरली. सगळ्यात बारीक तीच.
आतून आवाज घुमत आला :
आई, इथे एक बेडूक आहे, वारलेला.
आई, इथे तुझा स्टीलचा पेला आहे.
मग बराच वेळ नुसती घासण्याची खरखर,
आणि मध्येच ती गायला लागली,
टाकीलाच ऐकवत.
मी वर उभी, बादलीची दोरी हातात,
ओढायचं विसरले.

गेंदालालने कुंपणालगतचं गवत कापलं,
चार हात पट्टा मोकळा केला.
फागुनात आग विचारून येत नाही, म्हणाला.
दिगंबरने तारा ताणल्या, अंगठा फाडून घेतला,
हळद मागितली, मग चहा.

फाटक माझ्याकडे.
आठ वर्षं ते कण्हत उघडायचं,
खांदा लावल्याशिवाय हलायचं नाही.
शिलाई मशीनच्या कुपीतलं तेल
बिजागऱ्यांना पाजलं, थेंब थेंब,
दुखऱ्या कानात घालावं तसं.
संध्याकाळी ते एका बोटाने उघडलं.
सगळ्यांना बोलावून दाखवलं मी.
दोनदा.

रविवारी, ऊन चढायच्या आत, डोंगर.
सागाची पानं पायाखाली पापडासारखी.
वाटेत मोहाखाली सजनबाई, फुलं वेचत,
मान वर न करता म्हणाली,
"इत्ता चढ के लाओगे क्या?"
उत्तर नव्हतं. दोन संत्री होती,
एक तिला दिलं.

पळस आजवर मी गाडीतूनच पाहिलेला.
जवळून त्याची फुलं मखमली, जड,
पोपटाच्या चोचीसारखी वाकडी,
आणि झाकायला एकही पान नाही.
रेवाने एक कानामागे खोवलं,
आम्ही बघतोय हे दिसताच काढलं.

वर पोचलो तेव्हा दिगंबर
ओणवा होऊन गुडघ्यांशी काहीतरी बोलत होता.
खाली कापलेल्या गव्हाचे पिवळे तुकडे,
त्यांच्या कडेला काडेपेटीएवढं आपलं ते :
पांढरी टाकी, चुन्याची भिंत,
आणि फाटक.
सताड उघडं.
आत एक तांबूस ठिपका, हलणारा.
गाय, रेवा म्हणाली.
ठिपका आंब्यांकडे सरकला.

दिगंबर ओरडला. एवढ्या उंचीवरून
हाड् म्हणाला गाईला.
या डोंगराने ते समोरच्या डोंगराला सांगितलं,
गाईला कुणीच सांगितलं नाही.
आधी रेवा हसली. मग मी.
मग तोही, पट्टीचा अंगठा तोंडाशी धरून.
उतरायला तास लागणार होता.
आम्ही उरलेलं संत्रं सोललं.
फोडी दहा निघाल्या, माणसं तीन.
दहावी दगडावर ठेवली,
मुंग्यांना पत्ता आधीच माहीत होता.

खाली गेंदालालने फाटक सुतळीने बांधलेलं.
तेल कुणी घातलं, त्याने विचारलं.
मी हात वर केला, वर्गात करतात तसा.
"जंग ने ही तो पकड़ रखा था, मॅडम."
आंबे सहा उरले.

परतताना गाडी मी चालवली.
भंवरकुआंच्या सिग्नलला दिगंबरने बिल काढलं,
एकेक ओळ खोडली, डोंगरसुद्धा,
आणि कोपऱ्यात, बारीक, लिहिलं : कडी.
मागे रेवा गाढ झोपलेली,
नखांत टाकीचं शेवाळ,
मुठीत काहीतरी केशरी, चुरगळलेलं.